न्यूट्रलमधली गिटार

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (मांडीवर गिटार असल्यामुळे प्रत्यक्ष वाकणं जमत नाहीये, पण तू वाकलोय असं धर.) गुडघा काय म्हणतोय? भावजींचं पित्त? आमच्याकडे सगळं ठीक. बाबांची भूक चांगली, झोप त्याहून चांगली. पुढच्या महिन्यात त्यांची तुझ्याकडे यायची पाळी आहे हे माझ्या पक्कं लक्षात आहे, त्यासाठी परत फोन करू नकोस. फोनवर मी तीन वाक्यं बोललो की तू ‘मुद्द्याचं बोल’ म्हणतेस, आणि या वेळचा मुद्दा मला स्वतःलाच लिहिता लिहिता सापडणार आहे, म्हणून हे पत्र.

तर झालं असं, की आमच्या दुकानात एक वादक चष्म्याची काडी बदलायला आला. त्याच्या पाठीवर गिटार बघून मीही वाजवतो असं मी त्याला सांगितलं. (सांगायची काहीच गरज नव्हती. पण माझा स्वभाव तुला माहीत आहे.) त्यानं सहज विचारलं, तारा नेहमीच्याच लावता की मोकळ्या सुरात? मी ‘दोन्ही’ म्हणालो आणि मान खाली घालून स्क्रू पिळत बसलो. अगं, गिटारच्या सहा तारांचे सहा स्वर आईबापांसारखे जन्मापासून ठरलेले असतात, अशीच माझी आजवर समजूत! ते बदलता येतात हे कळल्यावर माझं कामात लक्ष लागेना. त्या दुपारी एका बाईंना मी जवळचा चष्मा देऊन लांबची पाटी वाचायला लावली, आणि वर त्यांनाच डोळे बारीक करू नका म्हणून दटावलं.

घरी येऊन शोधाशोध केली. प्रकार सोपा आहे. चार तारा थोड्याथोड्या उतरवायच्या, दोन आहेत तशाच ठेवायच्या, की गिटार सा-प-सा-ग-प-सा अशी लागते. मग डाव्या हातानं काहीही न करता नुसता उजवा हात फिरवला तरी अख्खा सुरेल झंकार निघतो. आळशी माणसाच्या बाबतीत देवानं एवढा विचार केलेला मी प्रथमच पाहिला. आता, तारा फक्त ढिल्याच करायच्या असताना त्यातली एक तुटते कशी, हे तुझ्या भावजयीनं मला चारचौघांसमोर विचारलेलं आहे. तुटते. खुंटी उलटी पिळली की तुटते. गालावर बारीक वळ आहे, काळजीचं कारण नाही.

नवी तार घातली, पुन्हा सगळं जुळवलं, आणि नेहमीचं गाणं वाजवायला घेतलं तर काय भयंकर आवाज निघाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांत बोटांना पाठ झालेल्या सगळ्या जागा बाद. कुणीतरी स्वयंपाकघरातले डबे अदलाबदल करून ठेवावेत आणि साखर म्हणून मीठ हाती यावं, तसं दर दोन मिनिटांनी होत होतं. पण गंमत सांगू का, मला राग येईना. हे बोट इथे ठेवलं तर काय होईल, तिथे ठेवलं तर काय होईल, असं करत मी लहान मुलासारखा तासन्‌तास बसू लागलो. जाड तार इतकी उतरलेली की ती छेडली की स्वयंपाकघरातलं एक झाकण गुणगुणायला लागे. कोणतं झाकण, ते शोधायला मी सगळी भांडी ओट्यावर काढली. (या प्रसंगाबद्दल तुझी भावजय वेगळं पत्र लिहिणार आहे. त्यातलं निम्मं खरं मान.)

आता बाबांचं सांगतो. कानांचं तर तुला ठाऊकच आहे. मशीन खणात पडून असतं, कारण त्यातून म्हणे फक्त भांडी ऐकू येतात, माणसं नाही. त्यामुळे अलीकडे ते बोलेनासेच झाले होते. विचारलं तर मान हलवायची, नाहीतर पेपरात डोकं. तर त्या दिवशी ते जेवणाच्या टेबलाशी पेपर पसरून बसले होते आणि मी समोर, गिटारचं बूड टेबलाला टेकवून. मी जाड तार छेडली. बाबांनी टेबलावरचा हात उचलला, पुन्हा ठेवला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “इंजिन कुणी चालू ठेवलंय?”

ताई, आपण होऊन बोललेलं त्यांचं ते कित्येक दिवसांतलं पहिलं वाक्य. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी त्यांचा हात धरून गिटारच्या पाठीवर ठेवला आणि सगळ्या मोकळ्या तारा वाजवल्या. ते म्हणाले, “गाडी न्यूट्रलला आहे.” मी एक बोट गिटारच्या दांडीवर, पट्ट्यांमधल्या पाचव्या घरावर आडवं टाकलं. “पहिला पडला.” सातव्यावर टाकलं, तर “दुसरा.” बाराव्यावर गेलो तेव्हा ते खुर्चीत सरसावून बसले. जन्मभर बस चालवलेला माणूस. जे मला नीट समजत नव्हतं ते त्यांनी तळहातानं समजून घेतलं आणि लगेच माझ्या चुकाही काढायला लागले. मी बोट नुसतं सरकवलं की ओरडायचे, “अरे, क्लच कोण दाबणार?” म्हणजे आधी उजव्या हातानं तारा गप्प करायच्या, मग घर बदलायचं. करून पाहिलं. चक्क बरं वाटतं ऐकायला! उत्साहाच्या भरात मी तिसऱ्या घरावर काहीतरी विचित्र शोधून काढलं, तर म्हणाले, “हा गिअर या गाडीत नाही.” मी तो रोज चोरून वाजवतो.

आता ते स्वतःच वाजवतात. डावा हात गिअरच्या दांड्यावर असल्यासारखा, चेहरा घाटात असल्यासारखा गंभीर. तालाचं सोड, वळण आलं की ते वेग कमी करतात आणि वळण कुठे आहे ते फक्त त्यांनाच दिसतं. पण वाजवून झालं की बोलतात. आपली आई एकदा त्यांच्याच बसमध्ये तिकीट काढून बसली होती आणि ओळख दाखवत नव्हती, हे तुला माहीत होतं? मला नव्हतं.

भावजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा धाकटा

ता. क. मुद्दा सापडला. या वेळी बाबांना माझ्याकडेच राहू दे ना आणखी सहा महिने. गाडी नुकती कुठे चालू झाली आहे.

ता. क. २. हमरस्त्यावरच्या त्या हॉटेलात दर वेळी तू अर्ध्या वाटेवर येतेस, मी अर्ध्या वाटेवर येतो. चहा संपायच्या आत बाबा आणि गोळ्यांची पिशवी या गाडीतून त्या गाडीत. आपलं भांडण नाही, काही नाही, सोय म्हणून सुरू केलं आणि एकमेकांचं घर बघून वर्षं झाली. हे लिहायचं नव्हतं, पण खोडलं तर तू उजेडात धरून वाचशीलच. पत्र टाकायला बाबांकडे देतोय.

पोरी, हे मी लिहितोय. पाकीट डकवायचं राहिलं होतं, म्हणून वाचलं. ऐकू येत नाही, वाचता येतं. मी ठरल्या तारखेला येणार. गिटार आणणार. तारा लावणं मला जमत नाही, त्याला कान लागतो, म्हणून तुझा भाऊही येणार. या वेळी सवारी मध्येच उतरवायची नाही, गाडी शेवटच्या स्टॉपपर्यंत आणायची. दोन अंथरुणं घाल. तू त्याला आग्रहानं बोलावलं आहेस असं मी त्याला सांगतोय. त्यानं विचारलं तर हो म्हण.