बघितलं की बंद

२० सप्टेंबर २००३, शनिवार

तुळशीदासदादांनी गेल्या सालची कोरी डायरी दिली. बोलले, हिशोब लिहायला शीक. हिशोब काय, कोण पण लिहील. मी ह्याच्यात फक्त टेक्निकल लिहिणार. जव्हार डेपोसमोरचं हे गॅरेज दादांचं, पण डोकं माझं. सोम्या पण कामाला हाय. पाने-पकडी पुसतो.

आज रोटरी गाडी आली. लाल, जपानी, दोनच दरवाजे. येवढी खाली की आत बसायचं म्हणजे जमिनीवरच बसायचं. मालक मुंबईचे हरेशशेठ. घाटात गाडी झटके मारत होती. शेठ दोस्ताच्या गाडीतनं पुढं गेले, दसऱ्याला येऊन नेतो बोलले. आणि मेन गोष्ट. शेठ ठाण्याला असल्याच गाड्यांचं गॅरेज काढतायत. बोलले, गाडी नीट सांभाळली तर दसऱ्याला इकडचा एक पोरगा घेऊन जाईन. बोलताना माझ्याकडं बघत होते. तसं वाटलं. मी खाली बघत होतो.

किल्ली माझ्याच हातात दिली आणि हिंदीत बरंच काय काय सांगितलं. मी मान हलवत होतो. मोठ्या माणसाच्या तोंडाकडं बघून ऐकणं बरं दिसत नाय. सगळं समजलं असणार.

२१ सप्टेंबर, रविवार

दादांनी पेट्रोलचा फिल्टर काढला. आत माती. साफ करून बसवला, गाडी अर्ध्या सेल्फला चालू. आवाज वेगळाच, आग्या मोहोळ उठल्यासारखा. दादा बोलले, ह्याला पिस्टन नाय, आत तिकोनी लोखंड गोल फिरतं, म्हणून रोटरी. मी बोललो, माहितीये. (मनात.) फिल्टर काढताना टॉर्च मी धरली होती. म्हणजे फॉल्ट मीच काढला.

दादांनी किल्ली खिळ्याला लावली. बोलले, शेठ येईपर्यंत हिला कोणी हात लावायचा नाय. म्हणजे सोम्यानं.

गावाकडनं, सूर्यमाळवरनं, निरोप आला. मामा दिवाळीनंतर भिवंडीकडं वीटभट्टीवर जाणार, आई बोलते ह्या साली ढवळूला पण ने. ढवळू भट्टीवर जाणार नाय. ढवळू ठाण्याला जाणार. अजून कोणाला बोललो नाय.

२२ सप्टेंबर, सोमवार

योगिता कॉलेज सुटलं की पाचला गॅरेजवरनं जाते, खोडाळ्याची एसटी पकडायला. आश्रमशाळेत माझ्याच वर्गात होती. मी नववीत सोडली. इंग्रजीच्या बाईंनी उभं करून धडा वाचायला लावला. उभा राहिलो. वाचला नाय. दुसऱ्या दिवशी घरी निघालो ते निघालोच. शिक्षणात तसा दम नव्हता.

जूनमध्ये एकदा ती थांबून बोलली होती, ढवळू, तू इकडं काम करतोस होय. मी जीपखाली गेलो. जीपला काय झालेलं नव्हतं.

आज दादा आणि सोम्या घाटात ब्रेकडाऊनला गेलेले. ती दिसली तशी रोटरी चालू केली. बॅटरी बसू नये म्हणून. तिनं बघितलं. लगेच बंद केली. पेट्रोल वाचवायला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

दादा रोज पाचला डेपोत जातात. ते गेले तशी चालू. तिनं बघितलं. बंद.

उद्या बंद करायची नाय. चालू गाडीला टेकून उभं राहायचं आणि बोलायचं, ही रोटरी हाय. पाठ केलंय.

२४ सप्टेंबर, बुधवार

चालू. बघितलं. बंद. वाक्य विसरलो नव्हतो, तोंड सुकलं होतं. शेजारी गौराबाईच्या चहाच्या टपरीवर जाऊन पाणी प्यालो. नंतर वाक्य बरोबर आलं. गौराबाई बोलली, असंल बाबा रोटरी, मला काय.

२५ सप्टेंबर, गुरुवार

गाडी लवकर चालू झाली नाय. लांब सेल्फ मारावा लागला. योगिता तोपर्यंत थांबून बघत होती. चालू झाली तशी हसली. बंद केली.

फॉल्ट हाय. दादांना अजून कळलेला नाय. रोज चालू करून बघणारा माणूस असला तरच असले फॉल्ट कळतात.

२७ सप्टेंबर, शनिवार

फॉल्ट वाढला. चालू झाली तेव्हा पांढरा धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास. विचार केला. वास येतो म्हणजे पेट्रोलमध्ये गडबड. पेट्रोलमध्ये गडबड म्हणजे कोणतरी टाकीत रॉकेल टाकतोय. रॉकेल टाकतोय म्हणजे सोम्या. त्याला पण ठाण्याला जायचं असणार.

नळी घालून बाटलीभर पेट्रोल काढलं, वास घेतला. पेट्रोलचाच आला. सोम्या वाटतो त्याच्यापेक्षा हुशार हाय.

तिनं आज पण बघितलं. बंद केली.

२९ सप्टेंबर, सोमवार

आज मोठा शोध. दादांनी सांगितलेलं की आत तिकोनी लोखंडं दोन हायत. पण प्लग मोजले तर चार. दोन जास्तीचे. आपण स्टेपनी ठेवतो तसे जपान्यांनी दोन प्लग स्टेपनीला दिलेत आणि कोणी येड्यानं त्यांना पण वायरी जोडल्यात. फुकट करंट जातो. दोन वायरी काढल्या, गुंडाळून रबरबँड लावला. शेठ खूश होणार.

पाचला चालू झाली, पण खोकत. तिनं बघितलं आणि गाडी स्वतःच बंद पडली. मला किल्ली फिरवायची गरजच पडली नाय. मशीनला माणसाची सवय कळते ती अशी.

१ ऑक्टोबर, बुधवार

चालूच झाली नाय. योगिता कोपऱ्यापर्यंत वळून वळून बघत गेली.

नंतर प्लग काढला तर ओला. पेट्रोलनं चिंब. पुसला, गौराबाईच्या तव्यावर गरम केला. तिला सांगितलं, दोन मिनटं. नंतर तिनं त्याच तव्यावर नागलीची भाकरी टाकली. डेपोच्या एका कंडक्टरनं भाकरीला पेट्रोलचा वास मारतो म्हणून ताट परत केलं. गौराबाईनं माझ्याकडं बघितलं पण नाय, नुसता चिमटा वाजवला. मी दुसऱ्या बाजूनं गॅरेजात आलो.

प्लग लावून बघितला. परत ओला. काहीतरी आतनं त्याला भिजवतंय.

२ ऑक्टोबर, गुरुवार

गांधी जयंती, कॉलेजला सुट्टी. गाडीला पण आराम दिला. दिवसभर कसलाच फॉल्ट जाणवला नाय.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

बॅटरी बसली. कोणी नसताना दादांच्या जीपची बॅटरी लावून सेल्फ मारला. मारतच राहिलो. नुसता वास.

दादा आले, वास घेत बोलले, पेट्रोल सांडलं का रे कुठं. बोललो, इंपोर्टेड गाडीला येतोच. दादांनी बोनेटवर हात ठेवला, थंड लागला. बोलले, शेठ परवा येणार, सोम्याला सांग धुऊन ठेव.

धुताना सोम्यानं विचारलं, तू रोज पाचला ही चालू करून बंद करतोस, ते दादांनी सांगितलंय का. मी बोललो, ते टेक्निकल हाय. तो बरं बोलला आणि परत काच पुसायला लागला. त्याला पुढचं विचारायची सवयच नाय. म्हणून असली पोरं मागं राहतात.

४ ऑक्टोबर, शनिवार

पिशवी भरली. दोन शर्ट, पँट, टॉवेल, ही डायरी वरच्या कप्प्यात. सूर्यमाळच्या जीपवाल्याकडं आईला निरोप दिला, मामाला सांग दुसरा गडी बघ, ढवळूचं ठाण्याला पक्कं झालं. जीपवाला बोलला, वा. पहिल्यांदा कोणीतरी मला वा बोललं.

गाडी अजून चालू होत नाय. पण दसऱ्याच्या दिवशी पूजा होणार, शेठ स्वतः बसणार, तेव्हा होईल. आणि नाय झाली तर फॉल्ट मीच समजावून सांगणार. ह्या गाडीबद्दल माझ्यायेवढं कोणाला माहिती हाय?

५ ऑक्टोबर, रविवार, दसरा

लिहायचं नव्हतं. पण रेकॉर्ड राहिला पाहिजे.

दादांनी सकाळीच झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं, चारी चाकांखाली लिंबू ठेवलं. दसऱ्याला गावोगावची माणसं जव्हारला येतात, त्यातली अर्धी लाल गाडी बघायला आमच्याकडं थांबली. योगिता पण होती, आत्याबरोबर. मी गाडीच्या मागं उभा राहिलो.

शेठ आले, नारळ फोडला, आत बसले. सेल्फ मारला. गाडी नुसती कण्हली. परत मारला. परत. लिंबं होती तशीच. मागनं कोणतरी बोललं, लिंबू लय जड हाय. दादांचं तोंड उतरलं. सांगायला लागले की शेठ, मी स्वतः चालू करून बघितली होती, एकदम ओके होती.

शेठनी बोनेट उघडलं. रबरबँड सापडला. "ये किसने किया?"

दादांनी माझ्याकडं बघितलं. मग सगळ्या बाजारानं बघितलं. मी बोललो, "पेट्रोल." तेवढंच तोंडातनं आलं.

दादा लगेच माझ्या बाजूनं झाले. बोलले, पोरगं बरोबर बोलतंय शेठ, पंपावर भेसळ मारली असणार, दुसऱ्या पण गाड्या येतात अशा. शेठ विचारात पडले. केस जिंकल्यात जमा होती.

तेवढ्यात योगिता पुढं आली. आत्या मागनं तिची ओढणी खेचत होती.

"शेठ, ह्याला नका बोलू. ह्याची चूक नाय, गाडीच तशी हाय. रोज मी आली की चालू होते, आणि मी बघितलं की बंद होते."

मग गौराबाई टपरीतनं बोलली, "अगं बाय, मंग गाडी लाजते का काय?"

बाजार हसला. डेपोतले ड्रायव्हर हसले, भाकरीवाला कंडक्टर सगळ्यात जास्त. दादा पण हसले, खाली बघून. योगिताला आधी समजलं नाय काय झालं. मग समजलं. ती आत्याच्या मागं गेली.

शेठ हसले नाय. मला विचारलं, चालू करून किती वेळ ठेवायचास. सोम्या बोलला, "ती बघेपर्यंत."

शेठनी डोक्याला हात लावला. बोलले, जाताना तुला हेच तर सांगितलं होतं. चालू केलीस तर पूर्ण गरम होईपर्यंत बंद करायची नाय. हे इंजिन गार असतानाच बंद केलं की आत पेट्रोल साचतं, प्लग भिजतात. आज थोडे, उद्या थोडे. आणि चारी प्लग कामाचे, त्यातला एक पण जास्तीचा नाय. समजलं का? मी मान हलवली. शेठ बोलले, त्या दिवशी पण अशीच हलवली होतीस.

मी सोम्याला बाजूला घेऊन विचारलं, तुला हे माहीत होतं? बोलला, शेठ सांगत होते तेव्हा मी मागंच होतो की. मला वाटलं तू पण ऐकलंस. नंतर विचारलं तर तू बोललास टेक्निकल हाय.

आत अजून पेट्रोल येऊ नये म्हणून शेठनी पेट्रोलचा फ्यूज काढला, प्लग काढले, जीपची बॅटरी लावून सेल्फ मारला. साचलेलं पेट्रोल भोकांतनं फवाऱ्यासारखं उडालं. प्लग पुसून गौराबाईच्या तव्यावर गरम केले. आयडिया माझी, पण तिनं शेठला चिमटा वाजवला नाय. चारी वायरी लावल्या, फ्यूज लावला. गाडी चालू. धूर डेपोत शिरला. शेठनी बंद केली नाय, गरम होईपर्यंत चहा प्याले, मग चारी लिंबं चिरडून निघाले.

सोम्याला नेलं. दादांना बोलले, सांगितल्याशिवाय हात न लावणारा पोरगा पाहिजे मला. सोम्याची पिशवी पण भरलेली नव्हती. त्याच्याकडं पिशवीच नव्हती. माझ्यातले कपडे काढून पिशवी मीच दिली.

गाडीनं दगा दिला. सोम्यानं दगा दिला. योगितानं तर भर बाजारात, तो पण माझ्या बाजूनं बोलून. जपान्यांवर पण आता विश्वास राहिला नाय.

६ ऑक्टोबर, सोमवार

दादा ओरडले नाय. सगळ्या किल्ल्या खिळ्यावरनं काढून खिशात घातल्या आणि मला हवा भरायच्या कॉम्प्रेसरवर बसवलं. बोलले, ह्याला एकच बटन हाय. दिवाळीपर्यंत बघतो, जमलं तर राहा, नाय तर मामाबरोबर जा. आईला उलटा निरोप द्यायला सूर्यमाळच्या जीपकडं गेलो होतो. जीपवाला हसत होता. परत आलो.

ठरवलं. आता कोणावर विश्वास ठेवायचा नाय. पाच वाजता रस्त्याकडं बघायचं पण नाय. काम चोख करून दादांना दाखवायचं.

पाचला खोडाळ्याच्या जीपच्या मागच्या चाकात हवा भरायला घेतली. कॉम्प्रेसर चालू केला. ती आली. रोज समोरनं जाते, आज गॅरेजच्या बाजूनं आली आणि थांबली.

"ढवळू," ती बोलली, "हा तरी चालू ठेव."

बंद केला.

ड्रायव्हर अर्ध्या वाटेतनं चाक बसलं म्हणून परत आला, दादांशी भांडला. दादांनी माझ्याकडं बघितलं. कॉम्प्रेसरमध्ये फॉल्ट हाय. उद्या खोलून बघणार.