बेचाळिसावा दगड

मी, वय वर्षे एकाहत्तर, धंद्याने मोटारींचा परीक्षक आणि लेखक, ओळखीच्या मंडळींत 'काटा' या नावाने प्रसिद्ध, आज शनिवारी दुपारी वरच्या खोलीत पलंगावर बसून स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. कंबर नाही, पण वकीलबाई म्हणाल्या की कायद्याला कंबर लागत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट या घरात माझ्याशी वाद घालायलाही कोणी वर येत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे.

माझी स्थिती अशी की तीन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला. उभा जन्म दोनशे-अडीचशेच्या वेगाने हमरस्त्यावर घालवला, केसाला धक्का लागला नाही, आणि साबणाच्या पाण्यावर आडवा झालो. जिना अरुंद आहे, वळणावर स्ट्रेचर अडकते. एकदा चौघांनी मला कपाटासारखे उभे-आडवे करून खाली नेले, तेव्हा पुन्हा नको म्हणून हात जोडले. खिडकीतून फाटक दिसते आणि हमरस्त्याला मिळणारा फाटा दिसतो. एवढेच आता माझे जग.

कलम १. राहते घर, त्यातील सामान आणि बँकेतील शिल्लक माझ्या पत्नीची. तिने माझ्यासोबत गाडीत बसताना एकच अट घातली होती, ऐंशीच्या वर जायचे नाही. मी ती पाळली आणि इतर वेळी तिला सोबत नेले नाही. एकदा ती म्हणाली होती, "अहो, तुलनाच करायची आहे ना? मग माझी आणि शेजारणीची करा. निदान कोणी मरणार तरी नाही." मी हसण्यावारी नेले. दर रविवारी मुलगा गाडी घेऊन गेला की परत येईपर्यंत ती फाटक लावत नाही. सुरी हातात तशीच, भाजी अर्धी चिरलेली, आणि ही फाटकात उभी. मी वरून बघतो, पण हाक मारत नाही.

भिंतीवरची चौकट, जिच्यात मासिकाचे 'तीनशे!' असे मुखपृष्ठ आहे, ती कोणालाच नाही. काच चांगली आहे, हिला कशाला तरी उपयोगी पडेल.

कलम २. सर्व पाने-पकडी, जॅक, हवा मोजायचे यंत्र आणि वाळूच्या दोन पिशव्या उस्तादांना. उस्ताद म्हणजे आमचे मेकॅनिक, तीस वर्षांचे सोबती. वाळूचा खुलासा करतो, नाहीतर वारस फेकून देतील. दोन वेगवान गाड्यांची तुलना करायची तर दोन्हीकडे वजन सारखे हवे. दातांचा डॉक्टर, ज्याची चंदेरी गाडी होती, तो देहाने भरभक्कम. म्हणून माझ्या बाजूला वाळू ठेवायची. टाकी बरोबर अर्धी, हवा थंड चाकांत भरलेली. एक्केचाळीस क्रमांकाच्या किलोमीटरच्या दगडाआधीच पूर्ण वेग घ्यायचा, दगड मागे पडला की घड्याळ सुरू, बेचाळिसावा मागे पडला की बंद. तीनदा जाताना, तीनदा येताना, म्हणजे वाऱ्याचा हिशेब फिटतो. आम्ही शर्यत लावत नव्हतो, तुलना करत होतो. शर्यत लावणारे मूर्ख आणि तुलना करणारे शहाणे, अशी आमची ठाम समजूत होती. रस्ता मात्र तोच होता, सगळ्यांचा.

गाडीतल्या वेगाच्या काट्यावर आम्ही भरवसा ठेवत नसू. काटा थापा मारतो, दगड मारत नाही, हे आमचे ब्रीद. मला 'काटा' म्हणायचे ते याच चेष्टेतून.

कलम ३. माझी चाकांची खुर्ची एक्केचाळिसाव्या दगडाजवळच्या दवाखान्याला. एका फेरीत आमच्या वाऱ्याने एक सायकलवाला चरात पडला होता. आरशात दिसला, मनगट धरून बसला होता. थांबलो असतो तर फेरी बाद झाली असती, म्हणून थांबलो नाही. परत येताना तो तिथे नव्हता. दवाखान्यात नेले असे कोणीतरी म्हणाले. त्याचे नाव मी विचारले नाही, आता विचारायला कोणी उरले नाही.

कलम ४. थांबघड्याळ दातांच्या डॉक्टराला, कबुलीसह. कबुली पुढे येते आहे. 

बावीस वर्षांपूर्वी थंडीत डॉक्टराच्या चंदेरीची परीक्षा घेतली. दोनशे सत्तर निघाले. मग रस्ता रुंद करायचे काम निघाले, चार महिने सगळे बंद. काम संपल्यावर माझ्या निळ्या गाडीची परीक्षा घेतली. दोन दगडांमधले अंतर बरोबर बारा सेकंदांत, म्हणजे ताशी तीनशे. मी स्टिअरिंग सोडून टाळ्या पिटल्या. शेजारी बसलेल्या उस्तादांनी वेगाच्या काट्यावर बोट ठेवले.

"साहेब, काटा दोनशे पासष्टच्या वर गेलाच नाही."

"काटा थापा मारतो, उस्ताद. दगडाला विचारा."

छापले. मासिकाला पत्रांचा पाऊस. डॉक्टर घरी येऊन म्हणाला, "काट्या, माझी गाडी तुझ्या गाडीपेक्षा वेगवान आहे. मी तुझ्या बाजूने चालवली आहे, मला माहीत आहे. कुठेतरी घोळ आहे." मी पुढच्या अंकात त्याच्यावर चौकट टाकली, मथळा दिला 'नाचता येईना अंगण वाकडे'. तेव्हापासून त्याने माझे तोंड पाहिले नाही. दाढ दुखली की मी दुसऱ्या डॉक्टरकडे जायचो, आणि तो दुसरा अगदी टाकाऊ होता.

नऊ महिन्यांनी एक्केचाळीसपाशीच चाक बसले. उस्ताद चाक बदलत होते, मी पाय मोकळे करायला बेचाळीसकडे चालत निघालो. पावले मोजायची माझी जुनी खोड. माझे पाऊल पाऊण मीटरचे. किलोमीटरला तेराशे तेहतीस पडायला हवीत. अकराशे शेहेचाळीसलाच दगड आला. मागे फिरलो, पुन्हा मोजले. मग उस्तादांनी फीत आणली. आठशे साठ मीटर. रस्त्याच्या कामात मोरी बांधायची होती म्हणून कोणीतरी दगड उपटला आणि सोयीच्या जागी पुन्हा रोवला. आमचा किलोमीटर एकशे चाळीस मीटरने आखूड होता. निळीचा खरा वेग दोनशे अठ्ठावन्न. चंदेरी तर दगड हलायच्या आधी धावली होती, तिचे दोनशे सत्तर खरे. डॉक्टरा, अंगण खरोखरच वाकडे होते रे, आणि ते माझेच अंगण होते.

उस्ताद म्हणाले, "छापून टाका साहेब. चूक दगडाची आहे, आपली थोडीच?" मी म्हटले, "पुढच्या अंकात." तो पुढचा अंक एकवीस वर्षे निघालाच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. उस्तादांनी पुन्हा विषय काढला नाही, हा त्यांचा मोठेपणा आणि माझा करंटेपणा.

कलम ५. निळी गाडी आणि गॅरेज माझ्या एकुलत्या एक मुलाला.

हे कलम इथेच संपले असते तर मी सुखाने डोळे मिटले असते. 'तीनशे' छापले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. तो अंक उशाखाली घेऊन झोपायचा. आता बत्तीसचा आहे. मी पडल्यापासून निळी तो चालवतो. दर रविवारी उजाडताना फाट्यावरून गाडीचा आवाज जातो, मी गिअर ओळखतो. वेग तो दगडांवर नाही, मोबाइलवर मोजतो. पाऊण तासाने तो वर येतो, कपाळाला घाम.

"बाबा, दोनशे साठ."

"गिअर उशिरा टाकलास."

"वारा होता समोरून."

"मलाही होता."

असे मी बोललो. एकदा नाही, तीन वर्षे. गाडीत दोष नाही, माझ्या आकड्यात दोष आहे, हे माहीत असून पोराच्या हातात दोष काढत राहिलो. कधी पायात, कधी नजरेत. बापाला जमले ते आपल्याला का जमत नाही, या काळजीने तो वाळला. त्याने मागची सीट काढली, पंखा काढला, दारांची अस्तरे काढली. वजन कमी करतोय म्हणाला. मी म्हटले, "शाब्बास." जीभ झडली कशी नाही माझी.

सांगायचे तर बावीस वर्षांची अब्रू जाते. न सांगावे तर पोरगा जातो. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी पलंगाला खिळलेला. पळून जायचे म्हटले तरी जिन्याचे वळण आहेच.

मागच्या रविवारी गाडी फाटकातून आत आली तेव्हा तिचा डावा आरसा नव्हता. वायर लोंबत होती. हिने तोंडावर हात घेतला ते मला वरून दिसले. तो वर आला. मी काय विचारले असेल? मी विचारले, "किती?"

"दोनशे सदुसष्ट," तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "ट्रकने नेला आरसा. चूक माझी, जरा आत घेतली." आणि जाताना दारातून म्हणाला, "पुढच्या रविवारी तीनशे आणतोच, बाबा. दुधाच्या गाड्या सुरू व्हायच्या आत, साडेपाचला निघतो."

उद्या तो रविवार. सकाळी उस्ताद येऊन गेले. माझ्यासमोर बसले, टोपी काढली आणि एवढेच म्हणाले, "साहेब, पोरगं जाईल हो."

कलम ६. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. हा या कागदाचा मोठाच दोष आहे. कंबर बघणारे डॉक्टर म्हणतात, कंबर सोडली तर मी ठणठणीत आहे, दहा वर्षे कुठे जात नाही. उद्याचे साडेपाच त्याआधी वाजतील. समोर बसवून सांगायचे तर धीर होत नाही. तीन वर्षांत तीनदा 'अरे, ऐक' असे म्हटले आणि तिन्ही वेळा टायरच्या हवेवर बोलून मोकळा झालो.

वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "ज्याला काही द्यायचं आहे त्याला साक्षीदार करू नका. त्याचा वाटा बाद होतो."

"आणि साक्षीदाराला सगळं वाचून दाखवलं तर?"

"चालतं. पण गरज नसते. कशाला वाचायचं?"

म्हणून मी विचारपूर्वक असे ठरवतो की या मृत्युपत्राचा दुसरा साक्षीदार माझा मुलगा असेल. सहीआधी वकीलबाईंनी त्याला हे पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचून दाखवावे. मी खिडकीकडे तोंड करून बसेन. त्यामुळे कलम ५ बाद होईल, ते होऊ द्यावे. निळी उस्तादांनी आजच न्यावी आणि तिचे सुटे भाग करावेत. गॅरेज पत्नीकडे जावे. मुलाला माझ्याकडून मिळणार ते एवढेच: तुझा हात चांगला आहे, बाळा. गिअर तू कधीच उशिरा टाकला नाहीस. दोनशे अठ्ठावन्नच्या गाडीतून तू दोनशे सदुसष्ट काढलेस. ते माझ्या बापजन्मात मला जमले नाही.

वरील सर्व मी स्वखुशीने, भीत भीत, पण खरे लिहिले आहे.

स्थळ: वरची खोली
दिनांक: चौदा मार्च, शनिवार, संध्याकाळ

लिहून ठेवणार: (सही) काटा

साक्षीदार १: (सही) कंबरेचे व्यायाम घेणारी परिचारिका. आमच्यासमक्ष सही केली.

साक्षीदार २: (सही) मुलगा.

साक्षीदाराने केवळ सही करायची असते, असे साक्षीदार क्रमांक दोन यांना सांगितले. त्यांनी ऐकले नाही. खालचा मजकूर त्यांच्या हातचा आहे. (सही) वकील.

'सगळे वाचून दाखवले, ऐकले. दगड खोटा आहे हे मला दोन वर्षांपूर्वीच कळले होते, मीही एकदा मोजला होता. तरी जात राहिलो. कारण रविवारी आकडा घेऊन वर आलो की बाबा माझ्याशी बोलायचे. एरवी बोलत नाहीत. किल्ली उस्तादांना दिली आहे. आई फाटक लावून आली. उद्या सकाळी मी वर येईन, आकडा नसेल.'