बागेतल्या खोलीचा उपयोग

१० एप्रिल १९४३

बनूला आज बागेतल्या पत्र्याच्या खोलीत हलवली. लग्नाला आठ वर्षं झाली, पाळणा हलला नाही. दुसरी करायची तर घरात जागा हवी — आणि एवढी खोली नुसती खत-अवजारांना देऊन ठेवली होती! आता तिथेच कुदळी, तिथेच पेंड, तिथेच मासळीचं खत आणि तिथेच बागेची राखणदारीण. आई खूश. म्हणाली, "वांझेचं त्वांड सकाळी सकाळी दिसायचं न्हाई, लई ब्येस झालं."

बनू एवढंच म्हणाली, "अवं, मासळीचा वास लई येतो. पोती तेवढी भाईर ठिवा की."

बाहेर ठेवली तर कुत्री ओढून नेतील. तिला कोण ओढून नेणार? पोती आतच ठेवली.

२ मे

मोसंबीला ताण दिला आहे. पाणी तोडलं की झाड घाबरतं, पानं गाळतं, मग पाणी मिळालं की अंगभर फुलतं. बनूलाही ताण! घासलेट बंद. भाकरी अर्धी. स्वतःहून माहेरी निघून गेली तर गोरक्षनं हाकललं असं गावात कुणी म्हणणार नाही.

दुपारी मुद्दाम गेलो. पत्रा असा तापलेला की हात ठेववेना, आणि ही आत शांतपणे जमीन सारवत बसलेली. "आता घरावानी वाटतंय," म्हणाली. मला असा राग आला! सारवलेल्यावरून चपलांनी चाललो.

१७ मे

छबूबाईशी लग्न लागलं. वऱ्हाडाची भांडी बनूनं घासली. भांडी मात्र ती चांगली घासते.

१४ जून

बागेला पाणी सोडलं. झाडं फुलली, बनू काही हलली नाही. म्हणून पाट्या, दोर, बियाणं, सगळं खोलीत नेऊन रचलं. आता पाय पसरायला जागा नाही, गुडघे पोटाशी घेऊन निजते. बघून बरं वाटलं. इथे कोण वाचणार आहे? बरं वाटलं!

२६ ऑगस्ट

श्रीगोंद्याचा गहिनीनाथ कलमं बांधायला आला आहे. बायको वारलेली, माणूस कामाचा. त्याला घरी कशाला जेवू घाला? बनूनं खोलीपुढे चूल मांडावी आणि त्याला भाकरी टाकावी. खोलीचा आणखी एक उपयोग निघाला.

१९ सप्टेंबर

कलमं संपली. गहिनीनाथ निरोप घ्यायला आला, पण जाईना. टोपी हातात फिरवत उभा.

"मालक, वंगाळ मानू नका. बनूबाईला मोकळी करा. मी पाट लावतो."

हसूच आवरेना! लगेच पंच बोलावले, काडी मोडली, सोडचिठ्ठी झाली. म्हटलं, "पुन्हा आणून सोडू नकोस हां. माल जसा हाय तसा दिलाय." पंचांनाही हसू फुटलं. बनू मात्र मान खाली घालीना. सरळ माझ्याकडे बघत होती.

२० सप्टेंबर

खोलीत चार पोती जास्त मावली.

११ नोव्हेंबर १९४४

लिंबाच्या रोपांसाठी श्रीगोंद्याला गेलो होतो. बाजारात बनू! कडेवर पोरगा. नाक, कान — हुबेहूब गहिनीनाथ. अंगानं भरली आहे.

"बरं हाय का, मालक?" म्हणाली. मालक! आठ वर्षं जिनं माझं नाव घेतलं नाही, ती मालक म्हणते.

रोपं न घेताच परतलो. घरी छबूला सुनावलं — दीड वर्ष झालं, तुझीही कूस रिकामीच. पाडव्यापर्यंत काही झालं नाही तर तुलाही पत्र्याच्या खोलीत टाकीन. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

३ डिसेंबर

नगरला मोठ्या डॉक्टरकडे जाऊन आलो. एकटाच. घरी सांगितलं, खत बघायला चाललोय.

तपासलं, यंत्रात डोळा घालून बराच वेळ पाहिलं. म्हणाला, "तुमच्यापासून मूल होणार नाही. कधीच नाही. बायकोला बोल लावू नका."

म्हणजे बनूची ती आठ वर्षं — जाऊ दे. ते लिहायचं नाही.

लाज वाटते, पण ती गावाला दिसता कामा नये. छबूला पाडव्याला खोलीत टाकायचीच. दोष तिचाच दिसला पाहिजे.

५ मार्च १९४५

छबूला दिवस गेले आहेत. आईनं दारोदार गूळ वाटला. पारावर पंचांतल्या आबासाहेबांनी सगळ्यांदेखत पाठीवर थाप मारली — "मर्दा, गोरक्ष!" — आणि गुळाचा खडा तोंडात कोंबला. लोक बघत होते. गिळला.