मावशीच्या खिडकीखालचे शीड

नौकेवरून, ३ एप्रिल

अखिलशीडनिर्मातृचक्रचूडामणि, सूचिकाधुरंधर, मेणदोराधीश्वरी ती. मावशीच्या चरणी,

समुद्रवलयांकित, सप्तवातविजयी (पैकी दोन वारे अद्याप जिंकावयाचे आहेत), एकशिडी नौकेचे सेनापती, म्हणजे आपला भाचा, याचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आपण शिवून पाठविलेले शीड पोहोचले. विटकरी रंग, दुहेरी शिवण, कोपऱ्यात निळ्या दोऱ्याची आपली फुली. सौ.ने ते डोलकाठीस लावून पाहिले व प्रथमच आमच्या नौकेस बदक म्हणण्याचे टाळले. कागदोपत्री ती यॉट आहे, हे मी तिला वारंवार सांगत असतो.

परंतु सोबतच्या चिठ्ठीने सेनापतींचा चहा निवला. हे आपले शेवटचे शीड. पंधरवड्याच्या आत माळा रिकामा करून आपण समुद्रापासून दूर, लेकीकडे राहावयास जाणार, असे आपण लिहिता. आणि जाता जाता, जणू दुधाचा हिशेब सांगावा तशा सुरात लिहिता, की जन्मभर शिडे शिवली, पण स्वतःचे एकही शीड वाऱ्याने भरलेले जवळून पाहिले नाही.

तरी कळविण्यास आनंद होतो, की येत्या सप्तमीस नव्हे, सात तारखेस आम्ही आपल्या प्राचीन बंदरात यंत्र बंद ठेवून, केवळ शिडाच्या बळावर, आपल्या खिडकीखाली विजयी प्रवेश करणार आहोत. आपण फक्त खिडकीशी बसावे. या प्रवेशासाठी मी नवी चामडी चप्पलही घेतली आहे. तिच्याविषयी सौ.चे मत येथे नमूद करण्याजोगे नाही.

लोभ आहेच, तो वाऱ्याच्या दिशेने वाढता असावा.

आपला,
नौकाधीश भाचा



शिडांचा माळा, ५ एप्रिल

चि. भोंग्यास अनेक आशीर्वाद. सूनबाईस दुप्पट, कारण तिला तुझ्याबरोबर राहायचं आहे.

तुझी बिरुदं वाचता वाचता इथे माझा चहा उतू गेला.

अरे, आमच्या बंदराचं तोंड केवढं, ते तू विसरलास का? एका बाजूला जुना बुरूज, दुसऱ्या बाजूला दगडी धक्का, मध्ये दोन बोटी घासून जातील एवढी वाट. मागच्या डोंगरावरून उतरणारा वारा त्या तोंडातून बाहेर पडतो आणि येणाऱ्याच्या नाकावर बसतो. म्हणून सगळे बाहेरच शीड उतरवतात आणि यंत्रावर आत येतात. सवयीने जातातही यंत्रावरच. माझ्या खिडकीतून मला जन्मभर गुंडाळलेलीच शिडं दिसली. पाय चालत होते तेव्हा टेकडीवरून बघायची, पण तिथून शीड माझं की दुसऱ्या कुणाचं, ते ओळखू येत नसे. बोटीत बसावं, तर नुसती धक्क्यावर उभी राहिले तरी माझ्या पोटात ढवळतं, हे साऱ्या बंदराला ठाऊक आहे. आणि आता गुडघा जिनाही उतरू देत नाही.

हौस म्हणून बघायचं नाहीये रे मला. शिडाला पोट द्यावं लागतं. कापडाच्या पट्ट्या किंचित गोलाईत कापल्या, तरच ते वारा धरतं. पण पोट असलेलं शीड जमिनीवर सपाट बसत नाही. कुठेतरी सुरकुती राहतेच. ती हवी तशी आहे की माझा हात चुकलाय, हे भरल्याशिवाय कळायचं नाही. गिऱ्हाइकं छान म्हणत आली. गिऱ्हाइकं माझ्या चहालाही छान म्हणतात. एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं, इतकंच.

पण त्यासाठी बुरुजावर आपटू नकोस. लहानपणी टबात कागदी होडी सोडताना होडी तरंगली आणि तू बुडालास, हे मी विसरलेले नाही.

जपून या. माया आहे, ती सांगायला पत्र कशाला.

तुझी मावशी



आपल्या खिडकीच्या बरोबर खाली, ८ एप्रिल

ती. मावशीस कृतानेक नमस्कार. वि. वि.

हे पत्र टपालाने न येता सौ.च्या हस्ते दोन जिने चढून येत आहे, कारण सेनापतींना आपल्यासमोर तोंड दाखविण्यास जागा उरलेली नाही.

कालचा प्रसंग आपण पाहिलाच. तरीही इतिहासासाठी नोंदवितो. समुद्रात वारा पाठीशी होता, शीड टम्म फुगले होते, मी नवी चप्पल घालून नौकेच्या अग्रभागी उभा होतो. बुरुजाच्या सावलीत शिरताच डोंगरावरील आपल्या त्या वाऱ्याने आम्हांस समोरून थोबाडले. शीड फडफडले, नौका आडवी झाली व बुरुजाचे दगड अशा वेगाने मोठे होऊ लागले, की त्यांच्यावरील शेवाळाच्या छटा मला आजही वर्णिता येतील. त्याच क्षणी सेनापतींच्या आज्ञेची वाट न पाहता सौ.ने यंत्र सुरू केले. धक्क्यावरील एका मासेमाराने वाळत घालायला चिमटे हवेत का, असे अत्यंत आदराने विचारले.

सांप्रत आमची नौका एका जुन्या तोफेस बांधलेली आहे. ही तोफ कोणे काळी शत्रूस रोखण्यासाठी घडविली गेली. आता ती अर्धी जमिनीत पुरली असून माझ्यासारख्यांचे दोर धरते. आम्हां दोघांची अवनती मला समसमान वाटते.

आपले शेवटचे शीड आपण पाहिले ते लोंबकळताना. क्षमा असावी. लोभाविषयी काही मागण्याचे धैर्य आज नाही.

आपला,
भोंग्या

ता. क. ती. मावशी, सा. न. ह्यांचं रडगाणं वाचलं, आता माझं ऐका. तुम्हाला शीड भरलेलं बघायचंय ना? मग आम्ही आत येतोय की बाहेर जातोय, त्याने काय बिघडतं? ज्या वाऱ्याने काल आत येऊ दिलं नाही, तोच उद्या पाठीशी असेल. विजयी प्रवेशाचा हट्ट ह्यांचा आहे, तुमचा नाही. उद्या सकाळी तुमच्या खिडकीखालीच शीड चढवू. बंदरावरच्या अधिकाऱ्यांना विचारून आले आहे. यंत्र चालू ठेवणार असाल तर हरकत नाही, म्हणाले, आणि वर असंही म्हणाले की मावशींचं शीड त्यांनाही बघायचंय. तुम्ही फक्त ह्यांना चहाला वर बोलवा. कालपासून तोफेशी बसून दोराला गाठी मारताहेत आणि सोडवताहेत.



शिडांचा माळा, १० एप्रिल

चि. भोंग्या आणि सूनबाई, आशीर्वाद.

काल सकाळी चहा अर्धा टाकून तुम्ही धडधडत जिना उतरलात आणि मी खिडकी सताड उघडली.

आधी शीड नुसतंच लटकलं. खालच्या कोपऱ्यात तीच सुरकुती, जी इथे फरशीवर मला आठ-आठ दिवस छळत होती. मनात म्हटलं, झालं, चुकलाच हात. मग वारा माझ्या छपरावरून खाली उतरला. सूनबाईने दोर सैल सोडला आणि ती सुरकुती खालून वर पुसली गेली, कुणी इस्त्री फिरवावी तशी. पोट भरलं. मी द्यायचं ठरवलं होतं तिथेच भरलं, पुढच्या कडेच्या जरा मागे, ना तसूभर वर, ना खाली. निळी फुलीसुद्धा ताणून सरळ बसली होती.

बुरुजाआड जाईपर्यंत बघितलं. मी ओरडले म्हणे. शेजारीण धावत वर आली, तिला वाटलं मी पडले. मी तिला सांगितलं, ते शीड माझं आहे. ती म्हणाली, ठाऊक आहे, साऱ्या बंदराने ऐकलं.

म्हणजे बाकीचीही बरोबरच होती रे. सगळी. हात तोच होता.

परवा लेक न्यायला येते. सुया आणि मेण बांधून झालं. आता खुशाल जाईन.

शीड उन्हात टाकू नका. माया तशीच ठेवा.

मावशी



पुढच्या बंदरातून, १३ एप्रिल

वातविजयिनी, सुरकुतीसंहारिणी, त्रैलोक्यशीडसम्राज्ञी ती. मावशीच्या चरणी, पदच्युत सेनापती व विद्यमान दोरगुंडाळे यांचे दंडवत. वि. वि.

आपले पत्र सौ.ने दोनदा वाचले व डोळ्यांत खारा वारा गेल्याची सबब सांगितली. नौकेचे आधिपत्य आता तिच्याकडे आहे. तरी खिडकीतून आपणांस न दिसलेले तेवढे सांगतो. यंत्र चालू होते खरे, पण त्यास काहीही काम पडले नाही. बुरुजापाशी बंदर-अधिकारी टोपी काढून उभे होते. आपली आरोळी आम्हांस पाण्यावर स्वच्छ ऐकू आली व मला भोंगा म्हणण्याचा आपला अधिकार त्या क्षणी संपुष्टात आला. आणि तो चिमटेवाला मासेमार! तो धक्क्याच्या टोकापर्यंत आमच्याबरोबर धावला व आपणांकडे आणखी एक शीड शिवून मिळेल का, असे विचारीत राहिला. मी त्यास अभिमानाने सांगितले, की नाही.

असा निष्कलंक विजय. मात्र एक बाब राहिली. त्या घाईत माझी नवी डावी चप्पल आपल्या जिन्यात, बहुधा तिसऱ्या पायरीवर, राहिली. उजवी येथे आहे. परत येऊन न्यावी, तर वारा आत येऊ देत नाही. यंत्रावर येणे विजयी वीरांस शोभत नाही, असे मी म्हणतो. एका चपलेसाठी बदक वळविणार नाही, असे सौ. म्हणते. आपण तर आता लेकीकडे पोहोचलाही असाल. लोभ दोन्ही पायांवर समान असावा. येथील धक्का भयंकर तापतो आणि सध्या मी एका पायावर उभा राहून हे लिहीत आहे.

आपला,
एकचप्पल भाचा