अकोल्याच्या समुद्रातली पाणीपाळी

अकोला, रविवार

आदरणीय साडभाऊ श्रावणराव यांना धर्मपालचा मनापासून जय भीम. गुडघा कसा आहे? शालू विचारते आहे की तिच्या ताईने काढलेलं तेल तुम्ही लावून घेता, की पाटबंधारे खात्यातून रिटायर झाल्यावरही कालव्याच्या दौऱ्यावर निघाल्यासारखे सकाळीच घराबाहेर पळता. इकडे सगळं ठीक. दुकान चाललं आहे (स्प्रिंकलरला पूर्वीची विचारणा नाही, आता जो तो ठिबक मागतो).

तुमचं पत्र मिळालं. लोक हल्ली फोनवर रागावतात, तुम्ही अजून जावक क्रमांक टाकून रागावता, म्हणून मलाही कागद घ्यावा लागला. तुमचं म्हणणं असं की, प्रियदर्शनीला कॉलेजसाठी आमच्याकडे ठेवली, ती दर रविवारी मित्रमैत्रिणी जमवून फासे टाकते, हा जुगार तात्काळ बंद करावा, अन्यथा येत्या रविवारी येऊन मुलीला अमरावतीला परत नेण्यात येईल. तर आधी आनंदाची बातमी. आज दुपारपासून खेळ बंद आहे. कसा बंद झाला ते सविस्तर लिहितो, कारण मोघम अहवाल तुम्हाला चालत नाही.

दुपारी मी आधी दाराआडून ऐकलं. (माझे कान तुम्हाला माहीत आहेत. मोटार चालू केली की कोणतं बेअरिंग गेलं ते मी रस्त्यावरून सांगतो, त्याच कानांवर दुकान उभं केलं.) आत प्रियदर्शनीची मैत्रीण मोनाली म्हणत होती, ‘लाट माही होती, तू मधात काहून घुसला?’ आणि पिंटू म्हणत होता, ‘मंग बुडव ना मले!’ हा पिंटू बँकेत कॅशियर आहे, म्हणून मला जास्त काळजी वाटली. आत जाऊन आवाज चढवणार, तोच आमची प्रियदर्शनी शांतपणे म्हणाली, ‘काका, तुमी दारात नाही, पाण्यात उभे आहा. बुडून राहिले. फासा टाका.’ मी टाकला. त्याला वीस बाजू असतात आणि माझा एक आला. मी बुडालो.

आता प्रकार समजून घ्या. पैशाचं नाव नाही. ही गोष्टच असते, पण ती सगळ्यांनी मिळून बोलत बोलत रचायची, आणि डाव फसला की जमला ते फासा सांगतो. प्रियदर्शनी सूत्रधार. माझ्या मोनोब्लॉक पंपाच्या खोक्याचा पुठ्ठा आडवा लावून त्यामागे कागद घेऊन बसते. साल तेवीसशे दहा. समुद्र चढून अकोला पाण्याखाली गेलं आहे (आपली कॉलनी सगळ्यात आधी गेली, त्यात मला नवल वाटलं नाही). पातूरच्या लेण्यांत एक टोळी राहते, सेमाडोहच्या बेटावर दुसरी. धंदा, लग्नं, भांडणं, सगळं लाटेवर फळी घेऊन उभं राहण्यावरून ठरतं. फळ्या तरी कशा, तर मालकाचे तळपाय ओळखणाऱ्या, परक्याला फेकून देणाऱ्या. बुडालेल्या अकोल्यात एक यंत्र आहे, ते दर अर्ध्या तासाला एकच मोठी लाट सोडतं, आणि त्या एका लाटेसाठी दोन्ही टोळ्यांची मारामारी.

दया येऊन त्यांनी मला पुन्हा जिवंत केलं. मी एवढंच विचारलं, या फळ्या बिघडल्या तर दुरुस्त कोण करतं? तीनशे वर्षांनी माणूस लाटेवर नाचतो, पण वायंडिंग करणारा एक नाही! मी तिथल्या तिथे पातूरच्या लेण्यात दुकान टाकलं. फासा अठरा. चहाच्या दोन फेऱ्यांत खेळातली तीन वर्षं गेली आणि दोन्ही टोळ्या ओल्या फळ्या घेऊन माझ्या दारात रांगेने उभ्या राहिल्या. मग म्हटलं, भांडता कशाला, पाळी लावा. तुम्ही कालव्यावर लावायचे तशी: तोंडाचा हेड, मधला, शेवटचा टेल, प्रत्येकाची वेळ वहीत. सगळ्यांनी सह्या केल्या. पिंटूचं तोंड उतरलं. म्हणाला, ‘काका, आमी लढाई कराले आलतो. तुमी समुद्राले पाटबंधारे खात्यात टाकून राहिले!’

इथवर बरं होतं. मग सेमाडोहची म्होरकी मोनाली उठली. म्हणाली, ‘यंत्र पातूरला जवळ पडते. आमच्यापर्यंत येता येता लाट मरते. टेलवाल्यानं का फेस चाटावा?’ मुद्दा बरोबर होता, श्रावणराव. तेवढ्यात शालूने चिवड्याचं ताट ठेवलं, पुठ्ठा पडला, कागद उडाले. मी एक उचलला. त्यावर यंत्राच्या रखवालदाराची माहिती होती: ‘कालवा निरीक्षक. बगलेत काळी वही, पायात रबरी बूट. शिवी देत नाही, ओरडत नाही, पाळीशिवाय गेट उघडत नाही. आधी टेलला पाणी देतो, म्हणून हेडवाले सायकलची हवा सोडतात. मग पायी येतो. ताकद चार. हटणं शून्य. याला कोणी हरवू शकत नाही.’ खाली पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘ही भूमिका कोणाला द्यायची नाही.’ प्रियदर्शनीने माझ्या हातातून कागद घेतला आणि पुठ्ठ्यामागे बराच वेळ काहीतरी शोधत बसली.

तिच्या अभ्यासाचं म्हणाल तर मागच्या सत्राला ती वर्गात तिसरी आहे. मुलीला नेण्याचा हक्क तुमचा, मी मध्ये पडणार नाही. ताईंना आमचा जय भीम सांगावा.

आपला,
धर्मपाल

ता. क. खेळ बंद आहे, हे वर लिहिलं ते खरंच आहे. पाळीचा वाद मिटेना. कालवा निरीक्षकाचा निर्णय आल्याशिवाय लाट सोडायची नाही, असं दोन्ही टोळ्यांनी ठरवलं आहे. तेव्हा रविवारी याच, दुपारी दोनला. मुलीला नेण्याचं निकालानंतर बघू. काळी वही सोबत आणावी.

ता. क. २. तो कागद मी पूर्ण वाचला हे पोरीला माहीत नाही. तुम्हीही वाचलेला नाही.

ता. क. ३. निकाल टेलच्या बाजूने लागेल हे मला आत्ताच दिसतं आहे, आणि तो रास्तच आहे. फक्त माझं लेण्यातलं दुकान हेडला आहे, एवढं साडभाऊ म्हणून ध्यानात असू द्यावं. सायकलने येऊ नये.