मामांना काढू की सासऱ्यांना?

गुडगाव, ऑक्टोबर २००३

तीर्थरूप सुधाकरमामा यांना यशोधनचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला काय म्हणतोय? मी बरा आहे असं लिहिणार होतो, पण सोमवारी जो धक्का बसला त्यातून अजून सावरलेलो नाही.

तुम्ही नेहमी विचारता, की तू ऑफिसात नक्की करतोस काय. तर जावा नावाच्या भाषेत आम्ही एकेका माणसाची माहिती गाठोड्यात बांधतो (त्याला ऑब्जेक्ट म्हणतात). ते दुसऱ्या कंपनीला पाठवायचं, तर सोडून, आतल्या प्रत्येक गोष्टीला चिठ्ठी लावून सलग मजकुरात लिहावं लागतं. तो मजकूर म्हणजे एक्सएमएल. आत आणखी गाठोडं निघालं, तर तेही सोडायचं. हे करणारा प्रोग्राम मी लिहिला आणि तपासायला घरचीच माणसं भरली (परक्यांच्या जन्मतारखा कुठून आणू?).

सोमवारी विमा कंपनीच्या पाहुण्यांसमोर मोठ्या पडद्यावर तो चालवला. यशोधन, त्याचे मामा सुधाकर, त्यांची मुलगी रेवती, इथवर ठीक होतं. पुढे रेवतीचा नवरा यशोधन, त्याचे मामा सुधाकर, त्यांची मुलगी रेवती, तिचा नवरा यशोधन... मजकूर थांबेचना. शेवटी मशीनच बंद पडलं. (नवऱ्याचा रकाना रिकामा बरा दिसत नव्हता, म्हणून मी आपला चाचणीपुरता भरला होता.)

पण खरा हादरा पुढेच. आमचे बत्रासाहेब पांढरेफटक पडले. म्हणाले, “यार, मामा की लडकी तो बहन हुई!” आमच्यात मामेबहिणीशी लग्न चालतं, हे मी परोपरीने सांगितलं. त्या दिवशी माझ्याबरोबर डबा खायला कुणी बसलं नाही. प्रोग्राम थांबवायचा तर शुक्रवारपर्यंत एक नातं काढून टाक, असा हुकूम आहे. आता मामांना काढू की सासऱ्यांना, हे तुम्हीच सांगा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
यशोधन

ता. क. आई म्हणाली, तुम्ही रेवतीसाठी ठाण्याचं स्थळ बघताय. मामा, मला ती मनापासून आवडते. ते स्थळ थांबवता का? (दिल्लीत तिच्यावर लक्ष ठेव, असं तुम्हीच सांगितलं होतं.)

आणखी एक. पत्र टाकण्याआधी दिल्लीत मुनिरक्याला तिच्या खोलीवर जाऊन तिला दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, ऑफिसला कळलं, विमा कंपनीला कळलं, आता बाबांना कळवतोयस. मला कधी विचारणार होतास? तेव्हा विचारलं. यूपीएससीची परीक्षा झाल्यावर सांगते म्हणाली. तोवर तुम्ही हे पत्र वाचलेलंच नाही असं समजा. ठाण्याचं तेवढं थांबवा.