विहिरीला जाळी

२८ एप्रिल
बादली आज तळाला टेकली. पाणी गुडघाभर. मागच्या साली याच दिवसांत कमरेच्या वर होतं. आमचं बेसा आता गाव राहिलं नाही. चारी बाजूंनी बिल्डिंगा, प्रत्येकीचं बोअर आमच्या विहिरीहून खोल. पाऊस येतो तो दोन दिवसांत कोसळतो नि नाल्याने निघून जातो. सकाळपासून सात जणी पाणी नेऊन गेल्या. सगळ्यांशी हसून बोलले, पण मनात त्यांच्या बादल्या मोजत होते. लाज वाटली.

२ मे
ह्यांना लकवा होऊन चार महिने. डॉक्टर म्हणतात, खोली गार ठेवा, ऊन सोसणार नाही. कूलर दिवसभर, आणि तो पाणी नुसतं ढोसतो. टँकर तीन दिवस नाही. दुपारी कूलर कोरडा पडला, गरम वारा फेकत राहिला. हे घामाने निथळले, डोळे फिरवले. फार घाबरले मी.

३ मे
लेक बुटीबोरीहून कंपनीतला वेल्डर घेऊनच आला. विहिरीवर लोखंडी जाळी, जाळीला कुलूप. मी हो म्हटलं.
गावच्या विहिरीवर आमच्या जातीला पाणी भरू देत नव्हते, म्हणून सासऱ्यांनी ही स्वतः खणली. कधी कोणाला अडवलं नाही. ज्यांनी अडवलं होतं त्यांच्या सुनाही इथून नेत. आणि मी...
ह्यांना सांगितलं, कचरा पडतो म्हणून जाळी.

५ मे
मागच्या गल्लीतली कमल आली, धुणीभांडी करते ती. कडेवर पाण्याचा रिकामा गुंड. जाळीकडे पाहिलं, वळून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

८ मे
सकाळी हे जड जिभेने म्हणाले, "रहाटाचा आवाज येऊन नाही राहिला. बाया काहून नाही येत वं?"
सांगून टाकलं.
"माह्या बापाच्या विहिरीले कुलूप?"
कूलर बंद करायला लावला. लेकाला फोन केला. म्हणतो, बाबांचं ऐकू नको. त्याला काय जातं म्हणायला.

९ मे
ओली चादर अंगावर टाकते, घटकेत वाळते. कूलरच्या बटणाकडे हात नेला की हे तोंड भिंतीकडे करतात. जेवले नाहीत. मी चिडले, मग रडले. त्यांच्यासमोर नाही.

१० मे
ह्यांचं अंग तापलंय. दुपारी त्यांनी विचारलं, पाणी किती हाय. तळाचे दगड दिसताहेत. म्हटलं, "भरपूर हाय. झरा मोकळा झाला."
अर्ध्या तोंडाने हसले. "मंग कूलर लाव. अन् जाळी काढ. सर्वायले नेऊ दे."
जाळी उघडली, कूलर लावला. दोन दिवसांनी शांत झोपलेत. झोपण्याआधी म्हणाले, कमलला बोलाव, मले रहाटाचा आवाज आयकाचा हाय.
निरोप धाडलाय. कूलर भरून विहिरीत उरलंय ते जेमतेम दोन बादल्या. तेवढं तिला दिलं तर उद्या ह्यांचं काय, आणि नाही दिलं तर हे उठल्यावर काय सांगू? कमल येताना दिसतेय. या वेळी दोन गुंड घेऊन आली आहे.